छातीत साकळलेले रक्त : १६८ तासांचा घटनाक्रम

शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४. दुपारी साडेबाराच्या सुमारास, भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावनटोला गावाजवळ उलटली. समोरची दुचाकी वाचवताना चालकाचा ताबा सुटला होता. अकरा माणसे गेली, दोन डझनांहून अधिक जखमी झाली. त्या दिवसाचा घटनाक्रम साऱ्या महाराष्ट्राने वाचला: अपघात, धावून आलेले गावकरी, रुग्णवाहिका, दहा लाखांच्या मदतीची घोषणा. बातमीचे घड्याळ संध्याकाळपर्यंत थांबते. अपघातातून वाचलेल्यांच्या छातीत मात्र कधी कधी दुसरे घड्याळ त्याच वेळी सुरू झालेले असते. त्याचा आवाज होत नाही आणि त्याची बातमीही होत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या घड्याळाचा आहे. छातीला मार लागतो, बरगड्या मोडतात, फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत रक्त साचते. नळी घालून ते काढले जाते, पण सगळे निघत नाही. मागे राहिलेले रक्त काही दिवसांत काय करते, ते वैद्यकाला नीट ठाऊक आहे. पुढे येणारा रुग्ण कल्पनेतला आहे. तो त्या बसमध्ये नव्हता आणि कोणत्या एका रुग्णालयाच्या नोंदवहीतही सापडणार नाही. त्याच्या छातीत जे घडते ते मात्र पाठ्यपुस्तकातले आहे. सात दिवसांची सीमाही माझी नाही. अमेरिकेतील अपघात-शल्यचिकित्सकांच्या ‘ईस्ट’ या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शनात साकळलेले रक्त काढण्यासाठी तीन ते सात दिवसांची मुदत सांगितली होती. पुढे २०२१ मध्ये ती चार दिवसांवर आणली.

१६८ तास बाकी

नोव्हेंबर सरत आला आहे. बांध्यांमधले धान कापून झाले आहे, काहींचे पुंजणे अजून उभे आहेत. देवरीकडचा एक बेचाळीस वर्षांचा शेतकरी धान खरेदी केंद्रावरून दुचाकीने घरी निघतो. अंधार पडत असताना रस्त्यात जनावर आडवे येते. गाडी घसरते आणि हँडलचे टोक उजव्या कुशीत जोरात बसते. तो उठतो, कपडे झाडतो, गाडी उभी करतो. लोक जमतात तेव्हा म्हणतो, “बरगडीला मार लागला जी, बाकी काही नाही.”

सहावी, सातवी आणि आठवी बरगडी मोडली आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक धमनी जाते. मोडलेल्या हाडाच्या टोकाने त्यांतली एक फाटली आहे, फुप्फुसालाही ओरखडा गेला आहे. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब कमी असतो, त्यामुळे तिथला रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो. बरगडीखालच्या धमनीत मात्र थेट हृदयाकडून आलेला दाब असतो, ती वाहत राहते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्या मधल्या फटीत एरवी चमचा-दोन चमचे द्रव असतो. याच फटीत एका बाजूला तीन लिटर रक्त मावू शकते, आणि माणसाच्या अंगात एकूण रक्त असते पाचेक लिटर. म्हणजे बाहेर एक थेंबही न दिसता निम्म्याहून अधिक रक्त आतल्या आत जाऊ शकते.

‘नुसती बरगडी मोडली असेल’ हा अंदाज साध्या माणसाचाच चुकतो असे नाही. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. अंगरक्षक जेरी पार यांनी त्यांना गाडीत ढकलले, तेव्हा त्या धक्क्याने आपली बरगडी मोडली, असे रेगन यांना वाटले. तोंडातून फेसाळ रक्त आल्यावर पार यांनी गाडी व्हाइट हाउसऐवजी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे वळवली. डाव्या काखेखाली गोळीची बारीकशी जखम तिथे सापडली. छातीत नळी घालताच एक लिटरहून जास्त रक्त बाहेर आले आणि ते थांबेना, तेव्हा डॉ. बेंजामिन ॲरन यांनी छाती उघडली. सत्तर वर्षांच्या त्या माणसाचे जवळपास निम्मे रक्त गेले होते. रुग्णालय काही मिनिटांवर होते म्हणून ते वाचले. आमच्या शेतकऱ्याला तेवढे जवळ काही नाही.

१६६ तास बाकी

घरी पोचेपर्यंत दम लागू लागतो. बायको शेजाऱ्याला हाक मारते, कोणीतरी १०८ ला फोन लावतो. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आणि पूर्व विदर्भातल्या पसरट तालुक्यांना तिने काय दिले ते या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

रुग्णालयात पहिली फसगत इथे होऊ शकते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन-तीनशे मिलिलिटर रक्त साचले तरी फुप्फुसाचा खालचा कोपरा पुसट दिसतो. पण जखमी माणूस आडवा असतो. त्याच्या छातीतले रक्त पाठीकडे पसरते आणि फिल्मवर एका बाजूला नुसते धुके दिसते. अशा फिल्ममध्ये एक लिटरपर्यंत रक्त नजरेतून सुटू शकते. म्हणून डॉक्टरचे बोट आणि कान अजूनही मोलाचे आहेत: ठोकल्यावर येणारा बद्द आवाज, स्टेथोस्कोपखाली त्या बाजूला मंदावलेला श्वास. सोनोग्राफीचा प्रोब छातीला लावला तर काही क्षणांत खात्री होते. प्रसूतीच्या तपासणीसाठी आणलेल्या यंत्रावरही हे करता येते.

१६४ तास बाकी

आयसीडी, म्हणजे छातीत घालायची नळी, टाकली जाते. काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, पाचव्या बरगडीखालच्या जागेतून २८ ते ३२ फ्रेंच मापाची नळी आत जाते. तिचे दुसरे टोक पाण्याखाली बुडवलेल्या बाटलीत असते. ही पाण्याची बाटली जर्मनीतल्या गोटहार्ड ब्युलाऊ यांनी १८७० च्या दशकात वापरात आणली. दीडशे वर्षांनंतरही तिच्या जागी याहून सोपे काही आलेले नाही. छातीतली हवा आणि रक्त बाहेर येते, बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही.

नळी आत जाताच सातशे मिलिलिटर. डॉक्टरच्या डोक्यात दोन आकडे आहेत. एका दमात दीड लिटर आले, किंवा त्यानंतर ताशी २०० मिलिलिटरच्या वेगाने दोन-चार तास येतच राहिले, तर छाती उघडून वाहणारी धमनी बांधावी लागते. इथे तसे होत नाही. रक्तदाब सावरतो. बायकोला सांगतात, “धोका टळला, ताई.” या वाक्यात खोटे काही नाही. रक्तस्रावाचा धोका टळलाच आहे.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. बरगड्या दुखतात म्हणून उथळ श्वास, त्यामुळे कमी पडणारा प्राणवायू आणि त्यात सिकलसेल, हे मिश्रण वाईट असते. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्याच तुंबू शकतात. छातीला मार लागलेला प्रत्येक रुग्ण दाखल होतानाच सिकलसेलची साधी तपासणी व्हावी, असे मला ठामपणे वाटते.

१४४ तास बाकी

चोवीस तास झाले. बाटलीत एकूण साडेआठशे मिलिलिटर जमले आहे, पण गेल्या बारा तासांत जेमतेम तीस आले. इथून पुढे सगळे बाटलीच्या वाचनावर ठरणार आहे, म्हणून थोडे थांबू.

फुप्फुसाभोवती सांडलेले रक्त बोट कापल्यावरच्या रक्तासारखे वागत नाही. हृदयाचे ठोके, श्वास आणि श्वासपटलाची हालचाल यांनी ते सतत घुसळले जाते. त्यातले तंतू वेगळे पडतात आणि बराच भाग पातळ राहतो. तो नळीतून सहज येतो. पण रक्तस्राव जोराचा असेल तर घुसळायला वेळच मिळत नाही, गुठळ्या होतात. घट्ट लागलेले दही नळीने ओढून निघत नाही, तशी ही गुठळी नळीच्या भोकांपाशी अडते. पातळ भाग निघून गेला की बाटलीत येणे थांबते. आता बाटली कोरडी आहे ती आत काही उरले नाही म्हणून, की उरलेले बाहेर पडू शकत नाही म्हणून? बाटली हे सांगू शकत नाही.

एक खूण असते. श्वासाबरोबर नळीतल्या पाण्याची पातळी वरखाली होते, वॉर्डात तिला ‘स्विंग’ म्हणतात. फुप्फुस पुरते न फुगताही स्विंग थांबली, तर नळी कुठेतरी बंद झाली आहे. सिस्टर दर पाळीला आकडा लिहितात, पण स्विंग आहे की नाही हेही लिहिले गेले पाहिजे. तो एक शब्द पुढचे बरेच काही टाळू शकतो.

दुसरी गोष्ट दुखण्याची. मोडलेल्या बरगड्यांमुळे माणूस खोल श्वास घेत नाही आणि खोकला दाबून धरतो. हा शेतकरी वीस वर्षे बिडी ओढतो, छातीत कफ आहे. वेदनाशामके हात आखडता घेऊन दिली, तर ते सोसणे धैर्याचे वाटते. प्रत्यक्षात फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, आणि मिटलेल्या फुप्फुसाशेजारी रक्ताला साचायला जागा मिळते. पुरेसे वेदनाशामक देणे, बरगड्यांजवळचे मज्जातंतू बधिर करणे, तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर दर तासाला ओढायला लावणे आणि रुग्णाला उठवून बसवणे हे उपचारच आहेत. बरे होण्याचा अर्धा भाग त्यांच्यावर उभा आहे.

१२० तास बाकी

पलंगावरच, आडव्याने एक्स-रे. उजवीकडे खाली पांढरी छाया. “मार लागलाय, थोडी सूज असणारच.” बाटलीत काही नाही. नळी निघते.

९६ तास बाकी

तिसरा दिवस संपत आला आहे. बायको विचारते, “साहेब, आता काही येत नाही. सुट्टी द्याल का जी?” घरी सासू एकटी आहे, मळणी राहिली आहे. डॉक्टरलाही खाट हवी आहे, बाहेर तीन रुग्ण जमिनीवर आहेत. या घटनाक्रमात कोणीही वाईट नाही. प्रत्येक निर्णय त्या वेळी रास्त वाटतो, आणि म्हणूनच तो थांबवायला कोणी पुढे येत नाही.

या तासाला करायचे काय होते, ते स्पष्ट आहे. एक्स-रेवरची पांढरी छाया तीन गोष्टींची असू शकते: मार लागून सुजलेले फुप्फुस, मिटलेले फुप्फुस किंवा साकळलेले रक्त. तिन्ही सारख्याच दिसतात. त्यांना वेगळे करते ते सीटी स्कॅन. सीटीवर रक्ताचा अंदाज काढायला संगणकाचीही गरज नाही. साठ्याची सर्वांत जास्त खोली सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिचा वर्ग करायचा आणि वरपासून खालपर्यंतच्या लांबीने गुणायचे. या माणसाच्या छातीत खोली ६ आणि लांबी १५ भरली असती. छत्तीस गुणिले पंधरा, म्हणजे सुमारे ५४० मिलिलिटर.

तीनशेच्या आत असते तर पाहत राहणे चालले असते, शरीर तेवढे रक्त बहुधा पचवते. त्याहून जास्त असले की गणित बदलते. अमेरिकेतल्या २० केंद्रांनी छातीत रक्त साकळून राहिलेल्या ३२८ रुग्णांची नोंद ठेवली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २६.८ टक्क्यांच्या छातीत पू झाला. चौघांत एकाहून अधिक. आणि ही सुसज्ज अपघात केंद्रे होती, जिथून रुग्ण धानाच्या मळणीसाठी घरी जात नाही.

७२ तास बाकी

सुट्टी झाली. कागदावर लिहिले आहे: छातीला मार, तीन बरगड्या मोडल्या, आयसीडी टाकली व काढली, गोळ्या पाच दिवस. पुन्हा एक्स-रे कधी काढायचा, त्याची तारीख नाही.

चौथा दिवस आहे. दार अजून उघडे आहे, आणि त्यातून जायच्या वाटा तीन आहेत.

पहिली वाट डॉक्टरच्या मनात आधी येते: आणखी एक नळी. टेक्सासमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३९ रुग्णांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला दुसरी नळी, दुसऱ्याची दुर्बिणीतून सफाई. नळी घातलेल्या २४ जणांपैकी दहा जणांना शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली. गुठळी पहिल्या नळीतून आली नाही, ती दुसऱ्या नळीतून यायला कारण नव्हते.

दुसरी वाट दुर्बिणीची, डॉक्टर तिला ‘व्हॅट्स’ म्हणतात. बरगड्यांमधून दोन-तीन लहान छेद, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून साधने. गुठळ्या फोडून, धुऊन, ओढून काढायच्या, फुप्फुस समोर फुगताना पाहायचे आणि नळ्या ठेवून बाहेर यायचे. चौथ्या दिवशी हे सोपे असते कारण गुठळी अजून मऊ आहे, कशाला चिकटलेली नाही. मात्र एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर भूल देणारा भूलतज्ज्ञ लागतो आणि छातीत काम केलेला हात लागतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरीही छातीच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी या भागातले लोक नागपूरकडेच पाहतात. रेल्वेने ते १३० किलोमीटर आहे. देवरीसारख्या तालुक्यातून आधी गाडीपर्यंत पोचायचे, मग नागपुरात कोणाकडे तरी राहायचे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवायची. अंतर मोजायचे असेल तर हे सगळे मिळून मोजावे.

तिसरी वाट म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम टिलेट आणि सोल शेरी यांनी १९४९ मध्ये स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे द्रव्य रुग्णांच्या छातीत सोडून पाहिले, साकळलेल्या रक्तावर आणि पुवावर. हृदयविकाराच्या झटक्यात ते शिरेतून देण्याची पद्धत रुळली ती पुष्कळ वर्षांनी. म्हणजे या औषधाचा पहिला उपयोगच छातीतल्या साठ्यासाठी झाला. नळी जागेवर असेल, रक्तस्राव पक्का थांबलेला असेल आणि डॉक्टर लक्ष ठेवून असतील, तर ते नळीतून आत सोडून काही तास नळी बंद ठेवतात, मग उघडतात. ईस्टने २०२१ मध्ये दुर्बिणीला झुकते माप दिले, आणि जिथे दुर्बीण हाताशी आहे तिथे ते योग्यच आहे. पण जिथे दुर्बीण १३० किलोमीटरवर आहे, तिथे हा उपाय दुय्यम म्हणून सोडून देणे मला पटत नाही. अट एकच: नळी काढलेली नसावी. आमच्या माणसाची ती अठ्ठेचाळीस तासांपूर्वीच निघाली आहे.

४८ तास बाकी

घरी तो भिंतीला टेकून बसतो, उताणा झोपला की दम लागतो. संध्याकाळी अंग कोमट होते. गावातल्या दुकानातून तापाची गोळी येते. धानाचे चुकारे कधी जमा होणार, याची चौकशी करायला दोघे जण येऊन जातात.

छातीत गुठळीच्या पृष्ठभागावर पेशी चढू लागल्या आहेत. त्यांच्यामागून बारीक रक्तवाहिन्या येतील. साकळलेले रक्त जंतूंना उत्तम खाद्य असते, आणि जंतूंना यायला वाटा आहेत: नळीची जखम, शेजारचे कफाने भरलेले फुप्फुस.

२४ तास बाकी

थंडी वाजून ताप. १०२. गावात येणारा डॉक्टर इंजेक्शन देतो, ताप उतरतो. तात्पुरता उतरलेला हा ताप एक दिवस खातो. उजवी बाजू श्वासाबरोबर हलत नाही, हे बायकोच्या लक्षात येते. ती म्हणते, “यांची एकच बाजू चालते.” इतके अचूक निरीक्षण तोवर कोणत्याच कागदावर आलेले नाही.

० तास

सातवा दिवस. सुई घातली तेव्हा घट्ट, पिवळसर, वास मारणारा पू आला. शरीर काही घड्याळ पाहून चालत नाही. कोणाच्या छातीत हे पाचव्या दिवशी होते, कोणाच्या दहाव्या. कोणाला जंतुसंसर्ग होतच नाही, नुसता तंतूंचा जाड थर बनत जातो आणि माणूस महिन्यांनी दम लागतो म्हणून येतो. त्या वेळी एक्स-रेवरची पांढरी छाया पाहून क्षयाच्या गोळ्या सुरू होण्याचा धोका असतो. जुना अपघात आपणहून कोणी सांगत नाही, विचारावा लागतो.

शून्यानंतर

आता दुर्बीण पुरेलच असे नाही. फुप्फुसावर आणि छातीच्या भिंतीवर चिवट पापुद्रा चढला आहे, आत फुप्फुस मिटलेल्या अवस्थेत अडकले आहे. तो पापुद्रा सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘डीकॉर्टिकेशन’ म्हणतात. ब्रुकलिनमध्ये जॉर्ज फाउलर यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसमध्ये एदमाँ देलॉर्म यांनी १८९४ मध्ये तिचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राच्या आघाडीवर अमेरिकी शल्यचिकित्सकांनी साकळलेल्या रक्तासाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. बरगड्या फाकवून छाती उघडायची, पापुद्र्याची कड शोधायची आणि फुप्फुस न फाडता इंच इंच सुटे करायचे. रक्त जाते, फुप्फुसातून हवा गळत राहते, नळ्या आठवडाभर किंवा जास्त राहतात. चौथ्या दिवशी जे लहान छेदांतून झाले असते, त्यासाठी आता मोठी भूल, रक्ताच्या पिशव्या आणि अतिदक्षता विभागातली खाट लागते.

आमचा माणूस नागपूरला जातो. शस्त्रक्रिया होते, बरा होतो. बहुतेक जण बरे होतात, ही या आजारातली दिलासा देणारी गोष्ट आहे. फुप्फुस पुरते फुगले का, ते एक्स-रेत पाहिले जाईल. काही आठवड्यांनी फुंकून करायची श्वासाची तपासणी होईल. तोवर स्पायरोमीटर, चालणे आणि बिडी बंद. खरेदी केंद्रावरचे चाळीस किलोचे पोते उचलायची परवानगी त्या तपासणीनंतरच मिळेल, आणि त्याच्या नव्या कागदावर पुढच्या एक्स-रेची तारीख लिहिलेली आहे.